शेठ, तुमची दोन भाकितं

प्रति,
‘सह्याद्रीच्या कुशीत, समृद्धीच्या वाटेवर’ या जाहिरातीचे कर्ते-करविते शेठ यांस,
मुक्काम : आठवडाभर भिवंडी, रविवारी अंबाडी, राहायला घोडबंदर रोड.



पत्रास कारण की, तुमचं माहितीपत्रक मिळालं. एक पेपरात घातलेलं आलं, एक कल्याण नाक्यावर हातात कोंबलं गेलं, आणि व्हॉट्सॲपवर तर ते शाळेच्या, सोसायटीच्या, अगदी एका दशक्रियेचा निरोप द्यायला काढलेल्या ग्रुपवरही आलं. गेलेल्या माणसाला गुंतवणुकीची संधी हुकू नये ही तुमची तळमळ पाहून गहिवरून आलं.

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. भीती नाही, अडचण आहे. घालायचं तर कुठलं घालू? दर लेआउटला तुमची नवी फर्म. मागच्या वर्षी इन्फ्रा होतं, त्याआधी रिॲल्टी, यंदा लँडमार्क. जुन्या फर्मचं काय झालं म्हणून ऑफिसात विचारलं की तुमचा भाचा सांगतो, ‘ते पार्टनरशिपमध्ये होतं, काका.’ बोर्डाचा रंगही वाळायच्या आत फर्म बदलते, पण टेबल, खुर्च्या आणि भाचा तेच.

तर पत्रक. वर डोंगर, खाली झरा, मध्ये लाल कौलाचा बंगला, आणि बंगल्यासमोर एक गोरंगोमटं कुटुंब; ते भिवंडी तालुक्यातलं नाही एवढं निश्चित, कारण कुणाच्याच अंगावर धूळ नाही. डाव्या बाजूला मिनिटांची यादी. ठाणे इतकी मिनिटं, कल्याण तितकी, रेल्वे स्टेशन जवळ, विमानतळ आटोक्यात. ही मिनिटं तुम्ही कुठल्या घड्याळात मोजली ते एकदा कळवा. आमच्याकडे काशेळीच्या पुलावर एक कंटेनर बंद पडला की तुमच्या ‘ठाणे २० मिनिटं’मध्ये माणूस माणकोलीहून हलत नाही. अंजूरफाट्याला संध्याकाळी अडकलेल्या रिक्षात लोक शेजाऱ्याशी सोयरीक जुळवून उतरतात. रेल्वे स्टेशन आहे, खोटं कशाला बोला. भिवंडी रोड, दिवा–वसई मार्गावर. तिथं मालगाड्या भरपूर, माणसांच्या गाड्या मोजक्या, आणि मुंबईची लोकल म्हणाल तर ती अजून वाट चुकूनही आलेली नाही. सात लाखांवर वस्तीचं शहर, तेही २०११ च्या जनगणनेतलं, आणि नोकरीला जायला आधी बस किंवा शेअर रिक्षा करून ठाण्याला किंवा कल्याणला पोहोचायचं. तुमच्या पत्रकात मात्र सगळंच ‘टच’. समृद्धी टच, मेट्रो टच, रिव्हर टच.

समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यात येऊन संपतो हे खरं. नागपूरहून ७०१ किलोमीटर धावत तो आमण्याला येतो; शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. पण शेठ, आमणे कुठं आणि तुमचा अंबाडीपलीकडचा माळ कुठं! समृद्धीवरून आलेली गाडी पुढं वडप्याहून ठाण्याच्या त्याच जुन्या रस्त्यावर येऊन आदळते, आणि तुमच्या प्लॉटवर जायचं तर भिवंडी–वाडा रस्ता. त्या रस्त्याचे खड्डे चुकवत जाणाऱ्या माणसाला समृद्धीचा स्पर्श झालाच तर तो कंबरेतल्या मणक्याला.

मेट्रोचंही तसंच. ठाणे–भिवंडी–कल्याण मार्गाची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ ला खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते कल्याणात झाली. त्या दिवसापासून तुम्ही तिच्या नावानं भाव वाढवताय. आधी ‘मंजूर’ म्हणून वाढवलात, मग खांब दिसू लागले म्हणून, मग खांबांवर गर्डर चढले म्हणून. मेट्रो सुरू होईल तेव्हा वाढवायला काही शिल्लक ठेवा म्हणजे झालं. वाढवण बंदर पत्रकाच्या मागच्या पानावर आहे. त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ची, खर्च ७६ हजार कोटींच्या घरात, जागा डहाणूच्या किनाऱ्यावर. पण तिथं उतरणारा प्रत्येक कंटेनर तुमच्या गेटसमोरून जाणार असं पत्रकात बाणानं दाखवलंय. बुलेट ट्रेनसुद्धा आहे. तिचं स्टेशन ठाण्याला, पुढचं विरारला. आमच्या तालुक्यात भरोडी–अंजूरला तिचा डेपो. म्हणजे भिवंडीकरांना बुलेट ट्रेन मिळणार ती धुवायला आणि दुरुस्त करायला. तुम्ही मात्र डेपोवरही वर्गफुटाला काही रुपये चढवलेत. ही खरी दूरदृष्टी.

आता निसर्गाकडे वळू, कारण ‘व्ह्यू’चे तुम्ही वेगळे पैसे लावता.

व्ह्यू आहे, त्यात वाद नाही. पश्चिमेला तुंगारेश्वराची रांग, खाली तानसा, अकलोलीची गरम पाण्याची कुंडं, नित्यानंद स्वामींचं गणेशपुरी. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर, नवस फेडायला बांधलं असं सांगतात. वसई पडली १७३९ ला. अप्पांनी देवीला बोललेला नवस फेडला. तुम्ही २०१९ च्या बुकिंगवाल्यांना क्लब हाउस बोललात. देवी कडक आहे शेठ, तुमच्या साइटच्या रस्त्यावरच आहे, एवढंच सुचवतो.

पण तुमच्या पत्रकातला समोरचा डोंगर आता तसा राहिलेला नाही. त्याची एक बाजू खदानीनं खाल्ली आहे. दुपारी सुरुंग उडतो, क्रशर रात्रीपर्यंत चालतो, डंपर खडी आणि मुरूम घेऊन खाली उतरतात. हा मुरूम जातो कुठं? पूर्णा, वळ, राहनाळ, दापोडा, माणकोली इकडच्या भातखाचरांत भराव म्हणून. त्या भरावावर गोदाम उभं राहतं. म्हणजे डोंगर ब्रासच्या हिशेबानं विकला जातो तो गोदामवाल्याला, आणि दृश्य म्हणून विकला जातो तो प्लॉटवाल्याला. एकच डोंगर दोनदा विकायची ही किमया इतिहासात कुणा सावकाराला जमली नव्हती. रॉयल्टी भरली का, तो प्रश्न तहसीलदारांचा.

पाण्याचं लिहिलंय, ‘चोवीस तास’. आमच्या तालुक्यातून चोवीस तास पाणी जातं, हे अगदी खरं. तानशाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. भातशाचं पांजरापूरला शुद्ध होतं, तेही भिवंडी तालुक्यातच, आणि पुढं मुंबईला निघून जातं. माणूस उभा राहील एवढ्या व्यासाचे नळ आमच्या गावांच्या शिवेवरून गेलेत. मे महिन्यात त्या नळांच्या गळतीखाली हंडे घेऊन उभ्या बाया मुंबईकरांनी कधी पाहिल्या नसतील, पण तुम्ही पाहिल्यात. तुमचा लेआउट तिथूनच दिसतो. तुमच्या साइटवर पाणी येतं ते टँकरनं. तो टँकरही म्हणे तुमच्या मेहुण्याचा.

आता मुद्द्याचं पान : ‘भिवंडी — उद्याचं आर्थिक केंद्र’.

हे पान मी पुन्हापुन्हा वाचलं, कारण ते ज्यांच्या जिवावर लिहिलंय ते लोक त्यात कुठंच नाहीत. भिवंडी कशावर चालते, शेठ? मागावर आणि गोदामावर. यंत्रमाग आले ते मागच्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, हातमागवाल्या मोमीन मोहल्ल्यांतून. मग जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, गिरण्या पुन्हा नीट उभ्याच राहिल्या नाहीत, आणि ते काम इथल्या पत्र्याच्या शेडांत आलं. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून कारागीर आले. बारा तासांची पाळी, मीटरमागं मजुरी, एकाच खोलीत दिवसपाळीवाले रात्री आणि रातपाळीवाले दिवसा झोपणार, जेवायला भिशी; म्हणजे आमच्याकडची कारागिरांची खानावळ, महिन्याच्या बोलीवर. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनं रोखीवर चालणाऱ्या या धंद्याचं कंबरडं मोडलं, पुढच्या जुलैत जीएसटी आला, २०२० च्या टाळेबंदीत कारागीर चालत गावाला गेले. त्यातले सगळे परतले नाहीत. परतले त्यांतल्या कित्येकांचा माग जागेवर नव्हता.

माग भंगारात कसा जातो ते तुम्हाला मी सांगायला नको, पण तुमच्या ग्राहकांसाठी सांगतो. शेडचा मालक पंचाहत्तरीचा, मुलगा कापडात पडायला तयार नाही. सुताचा भाव वर, ग्रे कापडाचा खाली, विजेचं बिल मध्ये. एक दिवस गॅसकटर येतो. ज्या मागाच्या खडखडाटात शेजारच्या आळीतली पोरं लहानाची मोठी झाली, तो कापून टेम्पोत चढतो, काट्यावर त्याचं वजन होतं, आणि किलोच्या भावानं पैसे मिळतात. कारागीर बाजूला उभा राहून आपला धोटा पिशवीत टाकतो; तो कशाला घेतलास विचारलं तर त्यालाही सांगता येत नाही. संध्याकाळी शेड रिकामी होते आणि दुसऱ्या दिवशी दारात तुम्ही हजर, जॉइंट व्हेंचरचा प्रस्ताव घेऊन. ‘मागात काय ठेवलंय चाचा, आता रेसिडेन्शियलचा जमाना.’ तळमजल्याला गाळे, वर पाच मजले वन आरके. कुणासाठी? ज्याचा माग कालच तुम्ही काट्यावर जाताना पाहिलात, त्याच्यासाठी. मागणी कुठून येणार, असा प्रश्न तुमच्या ‘उद्याच्या आर्थिक केंद्रा’त कुणी विचारत नाही, म्हणून विचारतो.

गोदामांचं उत्तर तयार असेल तुमच्याकडे. गोदामं वाढताहेत, हे नाकारणार कोण? मुंबईला जकात होती, आमच्या ग्रामपंचायतींना नव्हती. म्हणून व्यापाऱ्यांनी माल नाक्याबाहेर आमच्याकडे उतरवला आणि लागेल तसा आत नेला. २०१७ ला जकात गेली तर जीएसटीमुळं उलट मोठमोठी गोदामं आली, कारण आता प्रत्येक राज्यात छोटं कोठार ठेवायची गरज उरली नाही. आज मोबाइलवर मागवलेली मुंबईतली चप्पल बहुधा आमच्या गावावरूनच जाते. पण गोदामातून पैसा कुणाला मिळतो? जमीनमालकाला भाडं मिळतं, ट्रान्सपोर्टवाल्याला धंदा मिळतो, आणि पॅकिंगवाल्या पोराला? ठेकेदाराचं ओळखपत्र. अकरा महिन्यांनी ठेकेदाराचं नाव बदलतं, पोराची सेवा पुन्हा शून्यावर. दिवाळीच्या सेलला ओव्हरटाइम, फेब्रुवारीत घरी. त्या पोराच्या पगाराची पावती घेऊन बँकेत गेलं तर मॅनेजर गृहकर्जाचा फॉर्मही काढत नाही.

तुमच्या पत्रकात हे मोठ्या ठशात आहे : ‘रिझर्व्ह बँकेनं व्याजदर घटवले! हीच वेळ!’ घटवले, हो. २०२५ च्या वर्षात रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. पण तुमचा ग्राहक कर्ज काढतो कुठून? तुमच्या प्लॉटला बँक हात लावत नाही, कारण त्याला बिनशेतीचा आदेश नाही, मंजूर नकाशा नाही, स्वतंत्र सातबारा नाही. तो काढतो बायकोच्या मंगळसूत्रावर, गावच्या पतपेढीतून, मालकाकडून उचल म्हणून, किंवा महिना शेकड्याला चार-पाच लावणाऱ्याकडून. त्या सावकाराला पतधोरण समितीची बैठक कधी असते हे ठाऊक नाही. व्याजदर मुंबईत उतरला की भिवंडीत तुमचा भाव चढतो, आणि घेणाऱ्याचं व्याज आहे तिथंच राहतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काय म्हणतात माहीत नाही. आमच्याकडे याला रविवारची साइट व्हिजिट म्हणतात.

त्या व्हिजिटच्या तुमच्या बसनं मीही एका रविवारी आलो होतो. धामणकर नाक्यावरून सकाळी सुटणारी, एसी, पडदे लावलेली. बसताच वडापाव, ताकाचं पाकीट, टोपी. खिडकीकडच्या सीटवर तुमचेच दोघे बसलेले, गिऱ्हाईक म्हणून. साइटवर कमान, कमानीला झेंडूच्या माळा, आत माळावर फक्कीनं मारलेल्या रेषा. रेषांच्या कोपऱ्यात दगडाला रंग लावून नंबर टाकलेले. ‘क्लब हाउस’ची पाटी एका करवंदीच्या जाळीत रोवलेली, ‘जॉगिंग ट्रॅक’ची पाटी गुरांच्या वाटेवर. मग खेळ सुरू होतो. भाच्याचा फोन वाजतो, तो मोठ्यानं बोलतो : ‘काय? कॉर्नरचा गेला? अरे, मी इथं पार्टीला दाखवतोय आणि तू दिलास?’ पार्टीचा चेहरा पडतो. भाचा मान हलवतो, शेठशी बोलून बघतो म्हणतो, तुम्ही छत्रीखाली खुर्चीवर बसलेले, कपाळाला आठ्या घालता, आणि शेवटी मोठ्या मनानं म्हणता, ‘द्या रे, आपलेच आहेत.’ टोकन पाच हजार. लूमवर मास्टर असलेला एक माणूस खिशातून शंभराच्या नोटा मोजून देतो तेव्हा त्याची बायको दुसरीकडे बघत असते.

त्या दिवशी बांधावर पाड्यावरची एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. आमच्या बसमधल्या एका बाईनं तिला विचारलं, आजी, जागा कुणाची? म्हणाली, ‘आमचीच वरकस. नाचणी करायचो. सासऱ्याच्या नावाची हाय.’ भाच्यानं तिला ‘जा गं’ म्हणून हाकललं आणि बाईला सांगितलं, वेडी आहे. वेडी असेलही. पण आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर महसूल संहितेच्या ३६-अ कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि ती नसेल तर वेडं कोण ठरतं, हे सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात लिहिलेलं असतं. तुमच्या फोल्डरमध्ये सातबाऱ्याची झेरॉक्स नेमकी त्या रकान्यावर पुसट निघालेली.

आणि आता त्या कागदाकडे येतो ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. तुमचा साठेकरार.

पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीच्या लाल शिक्क्यानिशी, तुम्ही एक गुंठा, दोन गुंठे लिहून देता. शंभर रुपयांवरची स्थावर मिळकत नोंदणीशिवाय विकली जात नाही हा नियम १९०८ च्या नोंदणी कायद्यातला. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ च्या ऑगस्टपासून तरी जिरायतीचा किमान तुकडा २० गुंठे, बागायतीचा १०. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, हे कूळकायद्याचं. ५०० चौरस मीटरवरचा आणि आठांहून जास्त प्लॉटांचा लेआउट असेल तर महारेराची नोंदणी, २०१७ पासून. इतके कायदे असून तुमचा कागद त्या सगळ्यांच्या मधून पाण्यासारखा निघून जातो. पान पहिलं ते पाचवं : चतुःसीमा, पैसे पोचले, ताबा दिला, खरेदीदारानं सर्व कागद पाहून, समजून-उमजून. सहाव्या पानावर, टाइप एकदम बारीक झालेला, चौदावं कलम. तुमच्याच शब्दांत लिहितो : ‘सदर मिळकतीवर भविष्यात कोणतीही शासकीय कारवाई झाल्यास त्यास लिहून घेणार स्वतः जबाबदार राहतील, लिहून देणार यांचा काहीएक संबंध राहणार नाही.’

शेठ, इथं मी थांबलो. पत्रकात तुमचं एक भाकीत आहे : तीन वर्षांत तिप्पट. करारात दुसरं आहे : कारवाई होणार, आणि तेव्हा मी नसणार. दोन्ही छापली एकाच प्रेसमध्ये, बहुधा एकाच दिवशी. पहिल्या भाकितावर तुम्ही दुसऱ्यांचे पैसे लावलेत. दुसऱ्यावर तुम्ही वकिलाला फी देऊन कलम लिहून घेतलंत, म्हणजे तुमचा स्वतःचा विश्वास कशावर आहे ते उघड आहे. या तालुक्याच्या घरबाजाराचा खरा अंदाज ज्याला हवा असेल त्यानं कुठल्या सल्लागार कंपनीचा अहवाल वाचू नये. तुमचं चौदावं कलम वाचावं.

आणि ते भाकीत खरंही होतं, वेळोवेळी. शेजारी कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचे नंबरसुद्धा मिळवले. उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडायचा हुकूम दिला. घेणाऱ्यांनी नंबर पाहून घेतलं होतं, बँकांनी कर्ज दिलं होतं. तेव्हा ‘कागद बघून घ्या’ हा शहाणपणाचा सल्लाही आता पुरत नाही. नालासोपाऱ्यात मलनिस्सारण आणि कचऱ्यासाठी राखीव जागेवरच्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीला पाडल्या. लोक ढिगाऱ्यापुढं गॅसची शेगडी आणि मुलांची दप्तरं घेऊन बसले होते. त्यांना ती घरं विकणाऱ्यांपैकी कितीजण त्या दिवशी तिथं आले असतील, तुम्हीच सांगा.

जिथं बुलडोझर येत नाही तिथं इमारत स्वतःच खाली येते. शिळफाट्याचा लकी कंपाउंड, ४ एप्रिल २०१३, बांधकाम चालू असतानाच कोसळला, ७४ माणसं गेली. आपल्याच पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग, २१ सप्टेंबर २०२०, पहाटे लोक झोपेत असताना. चाळिसाच्या आसपास माणसं, त्यात लहान मुलं किती. वळपाड्याची इमारत, २९ एप्रिल २०२३, खाली गोदाम आणि वर कुटुंबं, आठ जण. विरार, ऑगस्ट २०२५, गणपतीच्या तोंडावर, सतरा. या यादीत कुणाचं घर ‘भाव वाढेल’ म्हणून घेतलेलं नव्हतं. डोक्यावर छप्पर म्हणून घेतलेलं होतं, किंवा भाड्यानं. दर पावसाळ्याआधी महापालिका अतिधोकादायक इमारतींची यादी काढते, नोटीस भिंतीला चिकटते, आणि राहणारे विचारतात, जाऊ कुठं? त्या प्रश्नाला शासनाचं उत्तर येईपर्यंत तुमचा माणूस जिन्यात उभा असतो. ‘अंबाडीला गुंठा आहे बघा, हप्त्यानं.’

इथं तुमच्या बाजूनं एक बोलायला हवं, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. महिन्याला रोखीत कमावणाऱ्या, पावती नसलेल्या माणसाला या तालुक्यात कायदेशीर घर विकायला कुणीच तयार नाही. म्हाडाची सोडत नशिबावर. तुकडेबंदी शेती वाचवायला केली होती; शेती गोदामाखाली गेली आणि कायद्यानं अडवलं ते फक्त गुंठावाल्याला. वीस गुंठे घ्यायची ऐपत असलेला कायद्यानं वागतो, एक गुंठा घेणारा गुन्हेगार ठरतो. म्हणून तो तुमच्या दारात येतो, आणि तुम्ही खुर्ची देता, ताक देता, हप्ते बांधून देता. सरकारनं या माणसाला जेवढा वेळ दिला नाही तेवढा तुम्ही रविवारी देता, हे मान्य करतो. त्याचीच तुम्ही पुरेपूर किंमत लावलीत. २०२५ ला सरकारनं शहरी आणि प्राधिकरणाच्या हद्दीत जुन्या तुकड्यांना सूट द्यायचं ठरवलं. ज्यांनी आधी घेतलं त्यांना दिलासा मिळाला तर चांगलंच. पण तुम्ही स्टेटसवर ते टाकलंत कसं? ‘आता गुंठा लीगल!!!’ तीन उद्गारचिन्हं, खाली नवा दर. कुठली हद्द, कुठल्या तारखेपर्यंतचे तुकडे, हे पुन्हा चौदाव्या कलमाच्या टाइपात.

एक ग्रामसेवक, एक तलाठी आणि एक नगरसेवक यांचीही या कामात साथ असते म्हणतात. त्यांना वेगळं पत्र लिहीन. टपालखर्च तुमच्या मेंटेनन्समधून वळता करावा.

शेवटी धंद्याचं. तुमचा घोडबंदर रोडवरचा फ्लॅट पाहिला, खालून. बावीस मजले, महारेरा नोंदणी, भोगवटा प्रमाणपत्र, बँकेचं कर्ज, नोंदणीकृत खरेदीखत, खिडकीतून येऊरचा डोंगर, आणि त्यावर खदान नाही. स्वतःसाठी घर घेताना तुम्हाला सगळे कायदे पाठ होते हे पाहून आनंद झाला. तो फ्लॅट मला घ्यायचा आहे. व्यवहार तुमच्याच पद्धतीनं करू. टोकन पाच हजार देतो, बाकी हप्त्यानं. करार पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरी मी आणतो. ताबा आधी द्यायचा, खरेदीखत मेट्रो सुरू झाली की. चौदावं कलम जसंच्या तसं राहू द्या, फक्त ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांची अदलाबदल करा. वहिनींना विचारून कळवा.

कळावे, लोभ आहेच, तो जरा आवरावा.

आपला,
प्लॉट नंबर ४७ च्या शेजारचा

ता. क. : हा दर रविवारपर्यंतच. दुसरी एक पार्टी मागे लागली आहे.